शाळा संपल्यावर पुढे काय? मानके, परीक्षा आणि पूर्वतयारी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचे प्रमाणपत्र हातात असूनही पुढच्या शिक्षणाच्या पहिल्याच सत्रात गळपटणारी, किंवा कामावर रुजू झाल्यावर साधा अहवाल लिहिताना अडणारी मुले सगळीकडे दिसतात. त्यांनी अभ्यास केला नव्हता असे नाही. त्यांना शिकवले गेले ते एक, तपासले गेले ते दुसरे आणि पुढे लागले ते तिसरेच, अशी त्यांची गत झालेली असते. या तिन्हींचा मेळ कसा घालायचा, याबद्दल शिक्षक, मुख्याध्यापक, अभ्यास मंडळांचे सदस्य आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

‘पूर्वतयारी झाली’ असे कधी म्हणायचे?

विद्यार्थी पुढच्या शिक्षणाच्या किंवा प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षाला बसला आणि शाळेतलेच विषय त्याला पुन्हा शिकवावे न लागता त्याने ते वर्ष पार केले, तर त्याची तयारी झाली होती. ही व्याख्या मुद्दाम अरुंद ठेवली आहे. ‘सर्वांगीण विकास’, ‘जबाबदार नागरिक’ ही ध्येये मोलाचीच आहेत. पण त्यांवरून प्रश्नपत्रिका काढता येत नाही, आणि शाळेने दिलेला शब्द खरा ठरला का हेही तपासता येत नाही. पहिले वर्ष मात्र पार पडते किंवा पडत नाही, आणि ते मोजता येते.

अरुंद असली तरी या व्याख्येच्या पोटात बरेच काही येते. विषयाचे ज्ञान हवे, ते अनोळखी परिस्थितीत वापरता यायला हवे. कोणी मागे न लागता अभ्यास करण्याची रीत हवी: टिपणे काढणे, वेळ आखणे, अडल्यावर योग्य माणसाला विचारणे. शिवाय पुढच्या वाटेची माहिती हवी, म्हणजे कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात, अर्ज कधी करायचा, शुल्कात सवलत कुठून मिळते. ही शेवटची बाब बहुतेक शाळा घरच्यांवर सोडून देतात. ज्या घरात आधी कोणी एवढे शिकलेले नाही, तिथले हुशार मूलही नेमके इथे मागे पडते, म्हणून ती शाळेच्या कामाचाच भाग मानली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

मानके म्हणजे अभ्यासक्रमच ना?

नाही. विद्यार्थ्याला शेवटी काय करता आले पाहिजे हे मानक सांगते. ते कोणत्या क्रमाने शिकवायचे हे अभ्यासक्रम सांगतो, आणि पाठ्यपुस्तक हे शिकवण्याचे एक साधन आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पाठ्यपुस्तकालाच मानकाची जागा मिळते. मग ‘हे पुस्तकात नव्हते’ ही तक्रार रास्त ठरते आणि अनोळखी प्रश्न विचारणारा पेपर अन्यायाचा वाटू लागतो.

मानके आणि परीक्षा यांचा मेळ आहे की नाही, हे कसे तपासतात?

यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अमेरिकेतील नॉर्मन वेब यांनी १९९७ साली मांडली. मानके एका बाजूला आणि प्रश्नपत्रिका दुसऱ्या बाजूला ठेवून विषयतज्ज्ञ एकेक प्रश्न तपासतात. प्रत्येक मानकावर पुरेसे प्रश्न आहेत का? वेब यांनी साधारण सहा प्रश्नांची किमान मर्यादा सुचवली, कारण त्याहून कमी प्रश्नांवरून त्या मानकाबद्दल काही बोलणे धाडसाचे ठरते. मानकातल्या निदान निम्म्या उद्दिष्टांना प्रश्नांनी स्पर्श केला आहे का? सगळा भार एकाच उद्दिष्टावर तर पडलेला नाही ना? आणि सर्वांत महत्त्वाचे: मानक जेवढा खोल विचार मागते, तेवढाच प्रश्नही मागतो का?

या खोलीच्या चार पायऱ्या ते मानतात. आठवून सांगणे ही पहिली. शिकलेली रीत किंवा संकल्पना वापरणे ही दुसरी. कारणे देत, पुरावा तोलत विचार करणे ही तिसरी. आणि अनेक दिवस चालणारे, निरनिराळ्या स्रोतांतून बांधलेले काम ही चौथी. मानकांत ‘विश्लेषण करतो’, ‘युक्तिवाद मांडतो’ असे लिहिलेले असते आणि प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’ येते. असा पेपर मानकाच्या प्रत्येक प्रकरणावर प्रश्न विचारतो, संविधान तक्त्यातले (कोणत्या घटकाला किती गुण हे ठरवणाऱ्या आराखड्यातले) सगळे रकाने भरतो, आणि तरीही मानकाला कुठेच भिडत नाही.

एखादे उदाहरण द्याल का?

गणितातले एक मानक घेऊ: ‘आकडेवारीवरून निष्कर्ष काढतो आणि त्या निष्कर्षाची मर्यादा सांगतो.’

यावर नेहमी येणारा प्रश्न असा: ‘१,००० पैकी १२ नग सदोष निघाले, तर शेकडा प्रमाण काढा.’ सूत्र आठवले की गुण मिळाले.

आता हा प्रश्न पाहा: ‘पहिल्या यंत्रावर १,००० पैकी १२ नग सदोष निघाले, दुसऱ्यावर २०० पैकी ५. एकच यंत्र आज दुरुस्तीला काढता येईल. कोणते काढाल आणि का? निर्णय पक्का करायला आणखी कोणती माहिती मागाल?’ इथेही शेकडा प्रमाण काढावेच लागते, १.२ आणि २.५ ही उत्तरे येतात. पण तेवढ्यावर भागत नाही. २०० ही संख्या लहान असल्याने त्यांत पाच नग सदोष निघणे योगायोगानेही घडू शकते, हे ज्याच्या ध्यानात येते त्याला आकडेवारी वाचता येते. कोणी म्हणेल की दुरुस्तीला किती वेळ लागेल ते आधी सांगा. तोही चांगला विचार आहे. गुणदान योजना साधी ठेवता येते: प्रमाण काढण्यास एक गुण, निर्णय त्या प्रमाणाशी जोडण्यास एक, लहान संख्येची अडचण ओळखण्यास एक, उपयोगी माहिती मागण्यास एक. चार गुणांचा हा प्रश्न तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ‘चांगले प्रश्न तपासणे अवघड’ ही सबब दर वेळी खरी नसते, एवढे यावरून दिसावे.

मानके पहिलीपासून वर बांधत न्यावीत की शेवटापासून मागे?

शेवटापासून मागे. पुढच्या शिक्षणात आणि कामावर पहिल्या दिवशी काय लागते ते आधी ठरवायचे, मग त्यासाठी शेवटच्या इयत्तेत काय यावे, त्याआधीच्या इयत्तेत काय यावे, असे उतरत यायचे. अमेरिकेत २०१० साली आलेली ‘कॉमन कोअर’ मानके भाषा विषयात अशीच रचली गेली. शाळेच्या अखेरीस काय यावे याची मूळ विधाने आधी आली आणि इयत्तावार विधाने त्यांवर बेतली गेली. त्या मानकांवर पुढे राजकीय वाद पुष्कळ झाले. तरीही मागे उतरत येण्याची ही रीत माझ्या मते बरोबर होती.

मात्र हे काम केवळ अनुमानाने करता येत नाही. पहिल्या वर्षाची पाठ्यपुस्तके, तिथल्या गृहपाठाचे नमुने, तिथल्या प्रश्नपत्रिका, कामावरची सूचनापत्रके आणि अहवाल प्रत्यक्ष समोर घेऊन बसावे लागते. महाविद्यालयातल्या शिक्षकाला ‘तुम्हाला काय अपेक्षित आहे?’ असे विचारले की तो आदर्श यादी देतो. त्याच्याकडे दोन उत्तरपत्रिका मागाव्यात, एक पुरेशी वाटलेली आणि एक अपुरी वाटलेली. त्या दोन कागदांतल्या फरकात मानक सापडते.

‘तयार’ आणि ‘तयार नाही’ यांतली गुणांची रेषा कोण ठरवते?

दोन वाटा आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिली वाट तज्ज्ञांच्या निर्णयाची. विल्यम अँगॉफ यांच्या १९७१ च्या लेखनावरून नाव पडलेल्या पद्धतीत परीक्षक डोळ्यांसमोर ‘जेमतेम तयार’ असलेला विद्यार्थी आणतात आणि तो प्रत्येक प्रश्न बरोबर सोडवण्याची शक्यता किती याचा अंदाज देतात. त्या अंदाजांच्या बेरजेतून उत्तीर्णतेची रेषा येते. पद्धत शिस्तीची आहे, पण ती कल्पनेतल्या विद्यार्थ्यावर उभी आहे.

दुसरी वाट प्रत्यक्ष निकालांची. पूर्वीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या परीक्षेत किती गुण होते आणि पुढच्या पहिल्या वर्षी त्यांचे काय झाले, हे जोडून पाहायचे. अमेरिकेतील महाविद्यालय-प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेची रेषा अशी आहे. वाचन-लेखनात ४८० आणि गणितात ५३० (प्रत्येकी २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर) मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला त्या विषयाच्या पहिल्या सत्रातल्या अभ्यासक्रमात किमान ‘सी’ श्रेणी मिळण्याची शक्यता ७५ टक्के आहे, असा तिचा अर्थ.

हे वाक्य पुन्हा वाचावे. नेमके रेषेवर असलेल्या चार जणांपैकी एकाला ‘सी’ सुद्धा मिळणार नाही, असा त्याचा दुसरा अर्थ आहे. आणि रेषेच्या जरा खाली असलेल्यांपैकीही पुष्कळ जण पार होतील. रेषा ही शक्यता सांगते. तिच्या आधारे मुलावर शिक्का मारणारी शाळा त्या आकड्याचा गैरवापर करते. मुलाला आणि पालकांना ‘तयार नाही’ असे कळवण्याऐवजी ‘या विषयात आधार मिळाला नाही तर पहिले वर्ष जड जाण्याची शक्यता मोठी आहे’ असे कळवले, तर ते खरेही असते आणि त्यावर काही करताही येते.

माझ्या मते दोन्ही वाटांची सांगड घालावी: तज्ज्ञांनी रेषा सुचवावी आणि दर काही वर्षांनी ती निकालांशी ताडून पाहावी. तज्ज्ञांची समिती एकदा बसली, रेषा ठरली आणि पुढे ती कोणी ताडलीच नाही, असे बहुतेक वेळा घडते.

महाविद्यालयात जाणाऱ्या आणि थेट कामाला लागणाऱ्या मुलांसाठी एकच मानक चालेल का?

वाचन, लेखन आणि व्यवहारातले गणित यांचा पाया दोघांना सारखाच लागतो. कामाच्या वाटेने जाणाऱ्यांना सोपे वाचन पुरते, हा समज चुकीचा आहे. यंत्राची माहितीपुस्तिका किंवा सुरक्षिततेचे नियम हे कथेपेक्षा अवघड वाचन असते. पण पायाच्या वर गेल्यावर वाटा वेगळ्या होतात, आणि एकाच आकड्यात दोन्ही बसवण्याचा प्रयत्न फसतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यमापन मंडळाने हा प्रयत्न मोठ्या खटाटोपाने करून पाहिला. बारावीच्या राष्ट्रीय नमुना चाचणीतले कोणते गुण पुढच्या तयारीचे निदर्शक मानता येतील, याचे संशोधन त्याने करवले. शैक्षणिक तयारीबाबत आकडा मिळाला. २०१३ च्या चाचणीवरून गणितात ३९ टक्के आणि वाचनात ३८ टक्के विद्यार्थी महाविद्यालयाच्या अभ्यासासाठी तयार असल्याचा अंदाज मंडळाने दिला. व्यवसाय-प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र असा एक आकडा निघू शकला नाही. ते साहजिकच होते. प्रत्येक व्यवसायाला वेगळे गणित, वेगळे वाचन आणि हातांचे वेगळे कसब लागते.

जर्मनीने याचे उत्तर वेगळ्या रचनेतून दिले. तिथल्या दुहेरी पद्धतीत तरुण आठवड्याचा काही भाग व्यवसायशाळेत आणि बाकीचा कंपनीत घालवतो. अखेरची परीक्षा उद्योग किंवा कारागिरांच्या मंडळाकडून होते. परीक्षक समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसतात आणि व्यवसायशाळेचा निदान एक शिक्षक असतो. ज्यांना पुढे त्या माणसाला कामावर घ्यायचे आहे आणि ज्यांना त्याच्या शेजारी उभे राहून काम करायचे आहे, ते दोघेही ‘हा तयार आहे’ यावर सही करतात. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गटकार्य, प्रयोग, बोलणे, दीर्घ लेखन ही कौशल्ये लेखी परीक्षेत मावत नाहीत. त्यांचे काय करायचे?

या सगळ्या विषयाचा कस इथे लागतो. पहिल्या वर्षाच्या शिक्षकांना आणि कामावर घेणाऱ्यांना विचारा. ते ज्या उणिवा सांगतात त्या बहुधा याच यादीतल्या असतात. आणि परीक्षेत सर्वांत आधी वगळल्या जातात त्याही याच. जे तपासायला महाग, ते सुटते. जे सुटते, ते वर्गातूनही हळूहळू जाते.

निरनिराळ्या व्यवस्थांनी यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे.

आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट ही १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेली संस्था तिची शाळेच्या अखेरची पदविका घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून ४,००० शब्दांपर्यंतचा संशोधनपर निबंध मागते. विषय विद्यार्थी निवडतो, मार्गदर्शक शिक्षक असतो, आणि तपासणी शाळेबाहेरचे परीक्षक करतात. वेब यांच्या चौथ्या पायरीचे काम परीक्षेच्या चौकटीत बसवता येते, याचा हा अनेक दशकांचा पुरावा आहे.

इंग्लंडने विज्ञानाच्या प्रयोगांबाबत २०१५ पासून वेगळा मार्ग धरला. ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या शाळेच्या अखेरच्या परीक्षेला, विद्यार्थ्याने किमान १२ प्रयोग करायचे, शिक्षकाने ते पाहून ‘उत्तीर्ण’ किंवा ‘नाही’ एवढेच नोंदवायचे, आणि ही नोंद मुख्य श्रेणीत मिसळायची नाही. प्रयोगांवरचे प्रश्न लेखी परीक्षेतही येतात आणि त्यांना निदान १५ टक्के गुण असतात. यात लाभ असा की शिक्षकांवर प्रयोगाचे गुण फुगवण्याचा दबाव उरत नाही. तोटा असा की श्रेणीत न मिसळणारी गोष्ट दुय्यम मानली जाण्याची भीती राहते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मी लाभाकडे झुकतो, कारण सर्वांना जवळजवळ पूर्ण गुण मिळणारी प्रात्यक्षिक परीक्षा कोणालाच काही सांगत नाही.

जपानचा अनुभव सावध करणारा आहे. २०२१ पासून सुरू झालेल्या नव्या सामायिक प्रवेश परीक्षेत भाषा आणि गणित यांत लेखी उत्तरांचे प्रश्न आणायचे ठरले होते. हेतू चांगला होता: पर्याय निवडण्यापलीकडे विचार तपासावा. पण सुमारे पाच लाख परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत एकसारख्या निकषांनी तपासणे जमेल का, विद्यार्थी स्वतःचे गुण स्वतः अजमावू शकतील का, या शंका मिटल्या नाहीत आणि २०१९ च्या अखेरीस ती योजना मागे घेतली गेली. मानक बदलले, प्रश्न बदलायची तयारीही झाली, पण तपासणीची यंत्रणा उभी नव्हती.

यावरून एक व्यवहार्य मांडणी निघते. एकाच दिवशी लाखोंना बसवायची परीक्षा जे चांगले मोजते तेवढेच तिच्याकडे द्यावे. दीर्घ लेखन, सादरीकरण, प्रयोग ही कामे वर्षभरात शाळेत व्हावीत, निकष सर्वांना आधीपासून माहीत असावेत, आणि त्यांतला नमुना बाहेरच्या परीक्षकाने पुन्हा तपासावा. प्रमाणपत्रावर ती वेगळी दिसावीत. एका टक्केवारीत विरघळून जाऊ नयेत.

शाळेने दिलेल्या गुणांवर विश्वास कसा ठेवायचा? शिक्षक सढळ हाताने गुण देतात.

सढळ हात असतो, हे खरे. तरीही शालेय गुण वाटतात त्यापेक्षा बरेच काही सांगतात. शिकागोच्या सार्वजनिक शाळांतून बाहेर पडलेल्या ५५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पदवी पूर्ण होईल की नाही याचा अंदाज शाळेतल्या सरासरी श्रेणीवरून एसीटी या बाह्य परीक्षेपेक्षा कितीतरी चांगला येतो, असे त्यात दिसले. कारण समजण्यासारखे आहे. श्रेणी म्हणजे अनेक शिक्षकांनी अनेक महिने पाहिलेले काम. वेळेवर वही देणे, नापास झाल्यावर पुन्हा बसणे, नावडता विषयही रेटणे हे सगळे तिच्यात नकळत येते.

गुण एकसारखे राहावेत यासाठी नियमन लागते, म्हणजे शाळाशाळांतल्या उत्तरपत्रिका एकत्र आणून बाहेरच्या शिक्षकांनी ताडणे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी बाह्य परीक्षा बंद केली आणि सुमारे पन्नास वर्षे अशा नियमनावर सगळी भिस्त ठेवली. २०२० च्या तुकडीपासून तिथे बाह्य परीक्षा परत आली. बहुतेक सामान्य विषयांत तिचा वाटा २५ टक्के आणि गणित-विज्ञानात ५० टक्के. शाळेतले मूल्यमापन मात्र काढून टाकले नाही. शाळेचे गुण आणि बाहेरची परीक्षा एकमेकींना सावरतात, असे मला यातून दिसते.

परीक्षेपुरतेच शिकवले जाणार नाही का?

जाईल, आणि परीक्षेवर जितके जास्त अवलंबून, तितके जास्त जाईल. समाजशास्त्रातल्या मोजमापांविषयी डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हाच इशारा दिला होता: एखाद्या आकड्यावर मोठे निर्णय घेतले जाऊ लागले की तो आकडा बिघडतो आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे तेही बिघडते. अमेरिकेतील केंटकी राज्यात १९९० च्या दशकात हे स्पष्ट दिसले. शाळांच्या बक्षिसाशी आणि शिक्षेशी जोडलेल्या राज्य परीक्षेत चौथीच्या वाचनाचे गुण दोन वर्षांत झपाट्याने चढले. त्याच काळात राष्ट्रीय नमुना चाचणीत तिथल्या मुलांची जवळजवळ काहीच प्रगती नव्हती. मुलांचे वाचन सुधारले असते तर ते दोन्हीकडे दिसले असते.

उपाय असा की परीक्षाच अशी असावी की तिची तयारी करणे म्हणजे विषय शिकणे. वर दिलेला यंत्रांचा प्रश्न घ्या. त्याची ‘तयारी’ करून घेणारा शिक्षक आकडेवारीच शिकवत असेल. जोडीला प्रश्नांचा साचा दरवर्षी बदलावा, आणि शाळांना श्रेय किंवा दोष देण्यासाठी एकट्या परीक्षेचा आकडा वापरू नये.

चिकाटी, जबाबदारी यांनाही गुण द्यावेत का?

या गोष्टी मोलाच्या आहेत याचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत १९४२ साली सैनिकांसाठी सुरू झालेली आणि पुढे शाळा सोडलेल्या सर्वांसाठी खुली झालेली जीईडी परीक्षा शालान्त प्रमाणपत्राच्या तोडीची मानली गेली. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उत्तीर्ण झालेल्यांचे पुढे काय झाले ते तपासले. बौद्धिक चाचण्यांत ही मंडळी शाळा पूर्ण केलेल्यांच्या जवळ होती; पण ती क्षमता हिशेबात धरल्यावर त्यांची कमाई शाळा अर्धवट सोडलेल्यांसारखीच दिसली. परीक्षेने ज्ञान मोजले होते, आणि वर्षानुवर्षे काम तडीस नेण्याची सवय तिच्या मापात येतच नव्हती.

तरीही स्वभावाला गुण देऊ नयेत, असे मी आग्रहाने म्हणेन. शांत मूल बेजबाबदार ठरते, घरी धाकट्यांना सांभाळणारे मूल अनियमित ठरते. चिकाटी लागेल असे काम द्यावे, मसुदा परत करून सुधारायला लावावा, आणि गुण कामालाच द्यावेत.

विद्यार्थी तयार नाही असे दिसले तर पुढे काय?

सर्वांत आधी, हे शेवटच्या निकालाच्या दिवशी कळता कामा नये. कॅलिफोर्नियात २००४ पासून अकरावीच्या चाचणीवरून विद्यार्थ्याला सांगितले जाऊ लागले की विद्यापीठाच्या भाषा आणि गणिताच्या अभ्यासक्रमासाठी तो तयार आहे की नाही. बारावीचे अख्खे वर्ष हाती असल्याने त्या निरोपाचा उपयोग होता.

दुसरे, ‘तयार नाही’ म्हणून सगळ्यांना पुन्हा शाळेच्या पातळीवरच्या वर्गात बसवणे हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांच्या (दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांच्या) प्रवेश चाचण्यांवरील २०१२ च्या संशोधनात दिसले की गणितात साधारण चारांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी अगदी चुकीच्या वर्गात टाकला जात होता. त्यांतले पुष्कळ जण विनाकारण खालच्या वर्गात अडकत होते. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून अशा महाविद्यालयांना प्रवेशासाठी शाळेतली कामगिरी विचारात घ्यायला लावले. विद्यार्थ्याला मुख्य वर्गातच बसवून त्याच सत्रात जादा तास द्यावेत, हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. वाया गेलेले वर्ष गरीब घरातल्या मुलाला परत मिळत नाही.

मानके उंचावली की दुबळी मुले गळतील, त्याचे काय?

फक्त परीक्षा अवघड केली आणि वर्गात काहीच बदलले नाही, तर गळतीलच. पण खाली ठेवलेली रेषा त्यांना वाचवत नाही. अपयश दोन वर्षे पुढे ढकलते, तेही शाळेचा आधार सुटल्यानंतर. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी शिक्षकांना नव्या अपेक्षांचे नमुने आणि प्रशिक्षण, मग वर्गातले काम, आणि काही वर्षांनी परीक्षेचे परिणाम. उलट्या क्रमाने केलेल्या सुधारणेचा भार मुलांवर पडतो.

अपंग किंवा दुसरी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मानक खाली आणावे का?

मानक तेच ठेवावे, तिथे पोचण्याची सोय बदलावी: लेखनिक, जादा वेळ, मोठा टाइप, प्रश्न वाचून दाखवणे. गणिताच्या प्रश्नातली भाषा विनाकारण अवघड असेल तर ती सर्वांसाठीच सोपी करावी.

पिसा चाचणीत चांगला क्रमांक म्हणजे तयारी चांगली, असे समजावे का?

पिसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००० सालापासून १५ वर्षांच्या मुलांच्या नमुन्यावर घेतली जाते आणि शिकलेले वापरता येते का हे पाहते, म्हणून तिचे प्रश्न अभ्यासण्यासारखे आहेत. पण ती व्यवस्थेचे चित्र देते; एखाद्या मुलाबद्दल किंवा तुमच्या शाळेबद्दल काही सांगत नाही. क्रमांकाकडे पाहण्यापेक्षा तिचे खुले केलेले नमुना प्रश्न शिक्षक-सभेत सोडवायला घ्यावेत.

मंडळाची परीक्षा आमच्या हातात नाही. एकटी शाळा काय करू शकते?

बरेच काही. घटक चाचण्या आणि सत्र परीक्षा शाळेच्याच हातात असतात. गेल्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका काढा आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याची पायरी लिहा: आठवणे, वापरणे, कारणे देणे. हे काम विषयशिक्षकांनी वेगवेगळे बसून करावे आणि मग पडताळावे. जिथे मते जुळत नाहीत तिथली चर्चाच सर्वांत उपयोगी असते. एकूण गुणांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या पायरीवर असतील, तर पुढच्या सत्रात प्रत्येक पेपरमध्ये एक-दोन प्रश्न बदलून सुरुवात करावी. सगळा पेपर एकदम बदलला तर मुलेही घाबरतात आणि पालकही.

जवळच्या महाविद्यालयातल्या, प्रशिक्षण संस्थेतल्या पहिल्या वर्षाच्या शिक्षकांना बोलवा आणि दोन्हीकडच्या उत्तरपत्रिका एका टेबलावर ठेवा. विषय एकच ठेवा, नाहीतर सभा भाषणांत जाते.

हे सगळे करून उपयोग झाला का, हे कसे कळणार?

शाळा सोडून गेलेल्या मुलांना विचारून. वर्षभराने प्रत्येकाशी संपर्क साधावा आणि थोडकेच विचारावे: सध्या काय करत आहेस, पहिल्या वर्षी कोणता विषय किंवा काम सर्वांत जड गेले, त्यासाठी शाळेत काय व्हायला हवे होते, आणि शाळेतले कोणते शिक्षण पुढे कामी आले. ज्यांचा फोन लागत नाही, ज्यांनी मध्येच सोडले, त्यांना शोधण्यात जास्त वेळ घालवावा. उत्तर देणारी मुले बहुधा बरे चाललेलीच असतात आणि त्यांच्यावरून काढलेले चित्र फसवे असते.

उत्तरे विषयवार लावून संबंधित शिक्षकांच्या हातात द्यावीत, शिक्षकांचे मूल्यमापन करण्यासाठी वापरू नयेत, आणि पुढच्या वर्षाचा संविधान तक्ता बनवण्याच्या बैठकीत ती समोर असावीत. तीन तुकड्यांची माहिती जमली की त्याच त्याच उणिवा वर येऊ लागतात. कोणत्या मानकाचे प्रश्न आधी बदलायचे, हे त्या यादीवरून ठरवावे.